सिस्टरला पाच, डॉक्टरला दोन

रविवारी आमच्या जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, बॅचच्या ग्रुपवर एका मैत्रिणीने भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 चा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘वाचा गं. आपण यात बसत नाही.’ नाइट ड्युटी संपवून मी बर्मिंगहॅमच्या बसमध्ये पेंगत होते. झोप उडाली.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या या कायद्यात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या हातून तसं घडलं, तर दोन वर्षांपर्यंत. हा व्यावसायिक म्हणजे ज्याचं नाव राष्ट्रीय किंवा राज्याच्या वैद्यक नोंदवहीत आहे तो. आमची नावं नर्सिंग कौन्सिलच्या वहीत. म्हणजे एकाच कॉटशी उभे असलेल्या दोघांपैकी ज्याने औषध लिहिलं त्याला दोन, जिने टोचलं तिला पाच.

ग्रुपवर लगेच सूर लागला, ‘तू सुटलीस बाई, तिकडे सगळं नीट असतं.’ याच वाक्यासाठी हा लेख.

सांगलीकडच्या एका खासगी हॉस्पिटलात मी नवी होते तेव्हाची गोष्ट. आधीच्या शिफ्टने इन्सुलिन दिलं होतं, पण चार्टवर टिक नव्हती. मी पुन्हा दिलं. आजींची साखर 48 वर आली. डेक्स्ट्रोज चढवलं, आजी शुद्धीवर आल्या. इन्चार्ज सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘लिहू नकोस. नातेवाइकांना कळलं तर काचा फुटतील.’ मी चार्टचं पान बदललं. आजींच्या सुनेने जाताना मला पेढे दिले. ते मी खाल्लेही.

इंग्लंडात तिसऱ्या वर्षी जवळपास तीच चूक झाली. रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा डोस दुसऱ्यांदा गेला. इथे डेटिक्स नावाच्या संगणकीय प्रणालीवर चूक स्वतः नोंदवायची असते. नोंदवली. मग डॉक्टरसोबत जाऊन त्या गृहस्थांना आणि त्यांच्या मुलीला सांगितलं. मुलीने प्रश्नांची सरबत्ती केली, तक्रारही केली. चौकशीत पहिला प्रश्न होता तो त्या रात्री वॉर्डात किती जणी होत्या याचा. माझं नाव त्यानंतर आलं.

हे आपोआप आलेलं शहाणपण नव्हे. इथल्या स्टॅफर्डच्या रुग्णालयात वर्षानुवर्षं हेळसांड झाली, माणसं गेली. 2013 साली रॉबर्ट फ्रान्सिस यांचा चौकशी अहवाल आला. त्यानंतर नोव्हेंबर 2014 पासून, रुग्णाला ठरावीक पातळीपुढची इजा झाली तर ते त्याला सांगणं एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, संस्थांवर कायद्यानेच बंधनकारक झालं. नर्सच्या आचारसंहितेतही हे कर्तव्य आहेच.

पण सुटले म्हणाल, तर नाही. लेस्टरमध्ये 2011 साली सहा वर्षांचा एक मुलगा दगावला. डॉ. हदिझा बावा-गार्बा आणि एजन्सीमार्फत आलेली एक नर्स, दोघींना 2015 मध्ये सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं. शिक्षा निलंबित झाली, तरी दोघींची नोंदणी गेली. डॉक्टरसाठी देशभरातले डॉक्टर उभे राहिले, लोकवर्गणी जमली, आणि 2018 मध्ये अपील न्यायालयाने तिची नोंदणी परत दिली. नर्सची गेली ती गेलीच. तिच्यासाठी वर्गणी जमल्याचं मला कुणी सांगितलेलं नाही. मापं दोन असणं ही काही फक्त आपली खासियत नाही.

तरीही नगरची आठवण आली की माझा तोल जातो. नोव्हेंबर 2021 मध्ये जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूला आग लागली, त्या दिवशी 11 रुग्ण गेले. तीनच दिवसांत एक महिला डॉक्टर आणि तीन परिचारिका अटकेत होत्या. रुग्णांना बाहेर काढायला कोण धावलं, कोण नाही, हे विचारायलाच हवं. मी तो प्रश्न टाळणार नाही. पण वायरिंग, फायर ऑडिट, पाणी फवारणारी यंत्रणा ही कामं अधिपरिचारिकेच्या ड्युटी लिस्टमध्ये कुठे असतात? जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डॉक्टरविरुद्ध फौजदारी कारवाईआधी तज्ज्ञ डॉक्टरचं स्वतंत्र मत घ्या, सरसकट अटक करू नका. तो निकाल बोलतो डॉक्टरांविषयी. हीच पायरी परिचारिकेसाठी स्पष्ट शब्दांत लिहून घ्या आणि कलम 106 मध्ये आमची नोंदवही जोडा, एवढीच मागणी संघटनांनी धरावी असं मला वाटतं. शिक्षा सगळ्यांचीच माफ करा, असं मी म्हणत नाही. माझ्या सांगलीच्या चार्टला काहीतरी शिक्षा हवी होती.

फोटो टाकणारी मैत्रीण तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आहे. रात्री ती आणि एक मावशी. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हा कौन्सिलचा निकष तिला पाठ आहे. तिच्याकडे तीस असतात. तिला म्हटलं, निदान लिहीत जा. तशी ती नर्सेस नोट्समध्ये लिहू लागली: ‘2.10 वाजता डॉक्टरांना फोन केला, उचलला नाही. 2.25 ला पुन्हा केला.’

परवा तिचा फोन आला. मेट्रनबाईंनी ते पान पाहिलं होतं.

‘काय म्हणाल्या?’

‘म्हणाल्या, हे कुणाच्या सांगण्यावरून लिहितेस?’