इकडे शिडी, तिकडे नोंदवही

रविवारी संध्याकाळी सांगलीला व्हिडिओ कॉल लावायचा तर शांघायमध्ये आधी शिडी चढावी लागते. बंद साइट दुसऱ्या देशातल्या सर्व्हरमार्गे उघडून देणाऱ्या व्हीपीएनला इथे बोलीत शिडीच म्हणतात. व्हॉट्सॲप इथे बंद. वीचॅट भारतात बंद, जून २०२० मधल्या ५९ ॲपांच्या यादीत तेही गेलं. म्हणजे मायलेकांच्या मध्ये भिंती दोन, एकेका सरकारची एकेक.

परवा कॉलवर मावसभाऊ म्हणाला, "दादा, आपल्याकडेही व्हीपीएन सरळ बंदच करायला पाहिजे. सायबर फ्रॉड तरी थांबतील." भाची लगेच, "करू देत की बंद! ओपन सोर्स आहे, कोड सगळ्यांना खुला, कोण अडवणार?" हा सगळा वाद माझ्या शिडीवरूनच चालला होता, ही आणखी गंमत.

भाचीचं अर्धं खरं आहे. शॅडोसॉक्स ही अशीच एक शिडी, २०१२ मध्ये एका चिनी प्रोग्रामरने टोपणनावाने लिहिलं. ऑगस्ट २०१५ मध्ये पोलिसांच्या सांगण्यावरून त्याला गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचा कोड काढावा लागला, पण तोवर प्रती जगभर गेल्या होत्या. इतरांनी काम पुढे चालू ठेवलं. पण इथली भिंत, म्हणजे चीन सरकारची इंटरनेट गाळणारी यंत्रणा, तीही स्वस्थ बसत नाही. ओपनव्हीपीएन, वायरगार्ड या नेहमीच्या व्हीपीएन पद्धतींचा सर्व्हरला पहिला रामरामच ठरलेल्या साच्याचा, त्यावरून ते ओळखू येतात. शॅडोसॉक्सने ट्रॅफिक असा घुसळला की कुठलाच साचा दिसू नये. नोव्हेंबर २०२१ पासून भिंतीने नेमकं तेच धरलं. पहिल्या पॅकेटात, म्हणजे डेटाच्या पहिल्या पुडक्यात, वाचता येण्याजोगी अक्षरं फारशी नाहीत आणि शून्य-एक जवळपास निम्मे-निम्मे? मग हा काहीतरी लपवतोय. भर बाजारात तोंडाला फडकं बांधून फिरणारा जसा नजरेत भरतो, तसं. म्हणून ट्रोजनसारखी साधनं फडकं बांधतच नाहीत, साध्या, रोजच्या एचटीटीपीएस (कुलूपबंद) वेबसाइटचा सदरा घालून गर्दीत मिसळतात. शिडी तुटली की तिची सेटिंग बदलणं मला जमतं, पोटापाण्याचा धंदाच तो. आमच्या कोपऱ्यावरच्या फळवाल्या आजींना ते कोण करून देणार?

भावाला मात्र मी एवढंच विचारलं, फ्रॉड करणारा स्वतःचं नाव लिहून देतो का? एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी पाच वर्षं जपायला सांगितलं. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर उचलले. ग्राहकांच्या या नोंदवहीत नाव पडतं ते सरळ मार्गाने पैसे भरणाऱ्याचं. आणि ट्रॅफिकला सदरा चढवता येतो, वहीतल्या नावाला नाही. तिथे भाचीचं ओपन सोर्सही कामाचं नाही. भांडायचं तर त्या वहीवरून भांडा म्हटलं: पाच वर्षं कशाला, उघडणार कोण, कोणाच्या सहीने? तुम्हाला हे कोर्टात जाऊन विचारता येतं. मी इथे ऑफिसच्या कँटीनमध्येही विचारत नाही.

भाऊ काहीतरी म्हणणार तेवढ्यात चित्र थिजलं. तीन सर्व्हर बदलून पुन्हा कॉल लागेपर्यंत तिकडे वाद मिटला होता आणि आई भाकरी थापायला उठली होती.