नायगारा न बघता परत येण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

न्यू जर्सीतल्या एडिसनहून नायगारा साधारण ४०० मैल. गाडी धड चालवली तर साडेसहा-सात तास. पहाटे पाचला निघालेला माणूस चहा-नाश्त्याला थांबूनही दुपारी दीडला धबधब्यासमोर उभा असतो. हा धोका टाळायचा तर तयारी आधीच्या आठवड्यापासून हवी.

आधी व्हॉट्सॅप ग्रुप काढा. तारखेसाठी पोल टाका, पर्याय तीन ठेवा. मंडळी तिन्हींवर खूण करतील. मग कंटाळून मेमोरियल डे नाहीतर लेबर डेचा लाँग वीकेंड पक्का करा, कारण बाकीच्या जर्सीनेही तोच केलेला असतो. शुक्रवारी एडिसनच्या ओक ट्री रोडवर, इंडियन दुकानांत कोथिंबीर निवडताना दिसलेले चेहरे शनिवारी नायगाऱ्याच्या कठड्याला भेटतात, त्यामुळे परमुलखात एकटं वाटत नाही.

सात जणांसाठी सात सीटची मिनीव्हॅन घ्या. तिसरी सीट उभी केल्यावर मागे उरतो तो फक्त एक खोल खड्डा. त्यात दोन मध्यम बॅगा आणि एक कूलर मावतो, म्हणून प्रत्येकाने चाकांची मोठी बॅग आणावी. मुक्काम एका रात्रीचा असला म्हणून काय झालं! उरलेल्या बॅगा मांडीवर. कोरडे कपडे सगळ्यात खालच्या बॅगेत जायला हवेत, त्याचं कारण पुढे येईलच. गाडीच्या करारावर दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव घालू नका. दिवसाचे थोडे डॉलर वाचतात. परतीला पहिला पेंगायला लागला की दुसरा विम्याशिवाय चालवतो, एवढंच.

पहाटे पाच म्हणजे साडेआठ हे गृहीत धरून आय-८० हायवे धरा. डेलावेअर वॉटर गॅप ओलांडून पेन्सिल्वेनियात शिरलात की पहिला गॅस (म्हणजे पेट्रोल) भरा. इथे एक गंमत बघायला मिळते. न्यू जर्सीत स्वतःच्या हाताने गॅस भरायला १९४९ पासून कायद्यानेच बंदी आहे, सगळं अटेंडंट करतो. त्यामुळे सहा वर्षं जर्सीत काढलेला आपला कोड-बहाद्दर पंपापाशी गाडी लावून काच खाली करतो आणि वाट बघत बसतो. दहा मिनिटांनी मागचा ट्रकवाला हॉर्न मारतो. मग साहेब उतरतात. कार्ड घाला, झिप कोडचे पाच आकडे दाबा, साध्या पेट्रोलचं ८७ चं बटण दाबा, नोझल आत घाला, खटका ओढा. यातला झिप कोड कार्डाच्या बिलावरच्या पत्त्याचा लागतो. साहेब मात्र समोरच्या पाटीवर दिसतो तो टाकतात. तीनदा चुकला की आत काउंटरवर जाऊन पैसे भरायचे. अर्धा तास सहज जातो.

पुढे स्क्रँटन, बिंगहॅम्टन, कॉर्निंग. वॉटकिन्स ग्लेन या वाटेपासून फार लांब नाही. तिथल्या घळीत १९ छोटे धबधबे आहेत आणि ८००हून जास्त पायऱ्या. आयुष्यात एकदा बघावी अशी जागा, म्हणून ती 'जाता जाता अर्ध्या तासात' उरकायला ठेवा. सोबत भारतातून आलेले आई-बाबा असतील तर अवश्यच. काकूंच्या गुडघ्यांबद्दल पार्किंगमध्ये चर्चा होईल, काका "मी बसतो इथेच" म्हणतील, आणि दीड तास गेल्यावर निर्णय होईल की कॉफी पिऊन निघू.

खाण्याचं सांगायला नको. ठेपले, तिखटमिठाच्या पुऱ्या, दडपे पोहे, कोरडी चटणी, वर दोन किलो चिवडा. एवढं असूनही नायगाऱ्याला पोचल्यावर पहिला प्रश्न "इथे इंडियन कुठे मिळेल?" हाच हवा. मिळतं. अमेरिकन बाजूला धबधब्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर छोले-भटुरे आहेत, डोसाही आहे, रांगेसकट. हॉटेलच्या खोलीत राइस कुकरमध्ये भात लावायचा बेत असेल तर तो भातापाशीच थांबवू नका. मोहरी-मिरचीची फोडणी होऊ द्या. छतावरचा स्मोक अलार्म लगेच दाद देतो आणि मध्यरात्री सगळा मजला शेजाऱ्यांसह पार्किंग लॉटमध्ये उभा राहतो. नव्या ओळखी होतात.

आता मुख्य भाग, इथे घाई करू नये. फोनच्या नकाशात नुसतं 'नायगारा फॉल्स' असं टाका. नदीच्या दोन्ही काठांवर याच नावाची गावं आहेत, एक न्यूयॉर्क राज्यात, दुसरं कॅनडाच्या ऑन्टॅरियोत. नकाशाला तुमच्या व्हिसाशी काही देणंघेणं नसतं. तो बिनदिक्कत कॅनडात उतरणाऱ्या रेनबो ब्रिजकडे नेतो. ('नायगारा फॉल्स स्टेट पार्क, न्यूयॉर्क' असं पूर्ण टाकणारे लोक थेट पार्किंगला पोचतात. त्यांच्या नादी लागू नका.) कॅनडाआधीचा शेवटचा फाटा अशी पाटी येते. नेमक्या त्या क्षणी मागच्या सीटवर चिवड्याचा डबा सांडलेला असावा. एकदा पुलाच्या लेनमध्ये शिरलात की यू-टर्न नाही, पलीकडे कॅनडाच्या अधिकाऱ्याच्या खिडकीशीच थांबायचं. एच-वन-बी (अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा) असलेल्या भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. नसेल तर ते कागद देऊन परत पाठवतात. परत येताना अमेरिकेच्या खिडकीत आपण कोण, कुठे राहतो, कुठे निघालो होतो हे नव्याने सांगायचं, आणि पासपोर्ट जर्सीत कपाटात सुरक्षित ठेवलेला असेल तर जास्तच सविस्तर सांगायचं. ग्रुपमध्ये एखादा तज्ज्ञ असतोच: "अरे, पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टँप संपला असला तरी आय-९४, म्हणजे अमेरिकेत राहायच्या मुदतीची नोंद, चालू असेल तर कॅनडातून तीस दिवसांत परत येता येतं." बरोबर आहे त्याचं. फक्त हा नियम परत येण्याचा आहे. कॅनडात शिरायला कॅनडाचाच व्हिसा लागतो, हे वाक्य त्याला पुलावर आठवतं.

एवढं नीट जमलं तर धबधब्यापाशी पोचायला रात्रीचे साडेदहा वाजतात. उत्तम वेळ. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात १९५० साली झालेल्या करारानुसार पर्यटनाच्या हंगामात दिवसा सेकंदाला किमान १ लाख घनफूट पाणी धबधब्यावरून सोडतात. रात्री दहानंतर ते ५० हजारांवर आणता येतं, उरलेलं पाणी दोन्ही देशांच्या वीजघरांकडे वळतं. कोयनेतून इतके क्युसेक सोडले, उजनीतून तितके, या बातम्यांवर वाढलेल्या माणसाला हे लगेच कळतं. महापालिकेच्या नळाला रात्री पाणी कमी, इतकी साधी गोष्ट. त्यासाठी आपण ४०० मैल आलोय, रंगीत दिवे त्यावर पडलेले आहेत, व्हिडिओ घ्या आणि "काय फोर्स आहे!" असं म्हणा.

सकाळी आठला हॉर्सशू फॉल्सच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या धबधब्याच्या कडेला, टेरापिन पॉइंटवर, गर्दी जवळपास नसते. म्हणून नवाला उठा. अकराला चेकआउट, पोहे संपवायचे आहेत, बारापर्यंत 'मेड ऑफ द मिस्ट' या बोटीच्या रांगेला लागा. निळा पॉन्चो मिळतो. तो आधी अंगात घाला आणि सॅक त्यावरून पाठीला लावा. सॅक भिजते, पॉन्चो मागून वर चढतो, जीन्स गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पाणी पिते. बोट सुमारे वीस मिनिटांची. ती हॉर्सशूच्या तोंडाशी जाऊन थांबते, ५७ मीटर उंचीवरून तिन्ही बाजूंनी पाणी कोसळत असतं, काही ऐकू येत नाही, श्वासातही पाणीच. त्या वीस मिनिटांत फोन पुसत राहा. तुषारांनी लेन्स भिजते, हाताचं बोटही भिजलेलं म्हणून स्क्रीन चालत नाही. घरी गेल्यावर सगळे फोटो पांढरे निघतात आणि सगळ्यांकडे तेच असतात.

'केव्ह ऑफ द विंड्स'चं तिकीट काढाच. लिफ्टने घळीत खाली, पायात त्यांनीच दिलेल्या सँडल, पॉन्चो या वेळी पिवळा. हरिकेन डेकवर ब्रायडल व्हेल धबधबा जेमतेम २० फुटांवर असतो. हे लाकडी जिने आणि फळ्या हिवाळ्यातल्या बर्फापायी दर वर्षी काढून वसंतात पुन्हा बांधतात. तिथे ओल्या जीन्सवर जीन्स पुन्हा भिजवा. आता ते कोरडे कपडे आठवतील. ते खालच्या बॅगेत आहेत, बॅगेवर कूलर आहे, आणि गाडी लांबच्या पार्किंगमध्ये.

थ्री सिस्टर्स आयलंड्सकडे फिरकू नका. धबधब्यांच्या मधल्या गोट आयलंडवरून छोटे पूल ओलांडून दहा मिनिटांत पोचता येतं, तिकीट नाही, रांग नाही. खडकावर बसलं की कड्याकडे धावत निघालेली नदी अगदी पायाशी दिसते. तिथे सेल्फी धड येत नाही.

परत निघा रविवारी दुपारी तीनला, सगळ्यांसोबत. हिशेब गाडीतच, पेन्सिल्वेनियातल्या पोकोनोजच्या डोंगरांतल्या ट्रॅफिकमध्ये, खर्च वाटायच्या स्प्लिटवाइज ॲपवर मांडा. काकूंनी फक्त चहा घेतला होता, एकाने बोट चुकवली होती, ठेपले घरचे होते त्याचं काय. मध्यरात्रीपर्यंत सगळे शून्यावर येतात. न्यूयॉर्कच्या थ्रूवेवर टोल नाके आता नाहीत, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. दोन-तीन आठवड्यांनी भाड्याच्या गाडीवाल्याकडून टोल आणि त्यावरची दिवसागणिक 'सोयीची' फी असं बिल ज्याच्या कार्डावर गाडी होती त्याला येतं. त्याने ते ग्रुपवर टाकावं. ग्रुपचं नाव तोवर 'चलो अकेडिया' झालेलं असतं आणि खाली नव्या तारखांचा पोल चालू असतो.