गाळलेले आलेख

"सगळे विकले गेलेत," पक्या कट्ट्यावर टेकायच्या आत सुरू झाला. "आयपीसीसी, ती संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती, म्हणे शास्त्रज्ञांची! पडद्यामागून सूत्रं हलवणारे वेगळेच."

"पडदा कुठाय त्यात?" मास्तर म्हणाले. "1988 साली ही समिती निघाली, तेव्हापासून सभासद सरकारंच आहेत. जाडजूड अहवाल शास्त्रज्ञ लिहितात. पण धोरणकर्त्यांसाठीचा सारांश देशांचे प्रतिनिधी ओळ न् ओळ बघून मंजूर करतात. एकेका शब्दावर रात्री जागतात."

"मग मी तरी काय म्हणतोय?"

"तू म्हणतोस निष्कर्ष विकत घेतात. तसं होत नाही. अहवालातल्या मूळ प्रकरणांशी न जुळणारं वाक्य आलं की लेखक अडून बसतात. त्यामुळे खोटं घुसवणं अवघड, खरं गाळणं सोपं. एप्रिल 2014, बर्लिनची बैठक. उत्पन्नानुसार देशांचे गट पाडून कुणाचं उत्सर्जन किती वाढलं, हे दाखवणारे आलेख मसुद्यात होते. हवामान कराराच्या पुढच्या वाटाघाटींत हेच आपल्या गळ्यात पडेल, या धास्तीने काही देशांनी ते सारांशातून काढायला लावले."

मास्तरांचं मला पटत होतं, तरी ते फार सरळ मांडत होते. मी मध्ये पडलो. "आणि आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष वॉटसन? 2001 साली एक्झॉनमोबिल या तेल कंपनीकडून व्हाइट हाउसला टिपण गेलं. अमेरिकेच्या मागणीवरून वॉटसन यांना आत्ताच बदलता येईल का, असा थेट प्रश्न होता त्यात. पुढच्या वर्षी समितीच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. अमेरिकेचा पाठिंबा मिळालेले राजेंद्र पचौरी 76 मतं घेऊन आले, वॉटसन यांना 49."

"बघा!" पक्या उठून उभाच राहिला.

"बघ की," मास्तर म्हणाले. "त्याच पचौरींच्या काळात, 2007 मध्ये, तापमानवाढ निर्विवाद आहे असं अहवालाने लिहिलं. आधीच्या अहवालापेक्षा कडक."

पक्या गप्प झाला, पण मला काही हायसं वाटलं नाही. निष्कर्ष टिकला हे खरं. पण मंत्री आणि पत्रकार वाचतात तो सारांशच. तिथून जे गळलं, ते बहुतेकांपर्यंत पोचतच नाही. आणि कोणी कशाला हरकत घेतली हे गुपितही नसतं. 'अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन' या वार्तापत्राचे लोक त्या बैठकांना बसतात, देशांची नावं घेऊन लिहितात. ते आपण उघडून बघत नाही, याचा मला खरा राग येतो.

"ते आलेख आता कुठे मिळतील?" पक्याने मोबाइल काढला.

"त्याच 2014 च्या अहवालातला, उत्सर्जन घटवण्याचं बघणाऱ्या तिसऱ्या कार्यगटाचा तांत्रिक सारांश उघड," मास्तर सरकून त्याच्याजवळ बसले. "तो ओळीओळीने मंजूर होत नाही."