उजेड धरणारा प्रेक्षक

“अहो, तो मोबाइल बंद करा, नाटक चाललंय इथे!” असे भरल्या सभागृहात मला ऐकवण्यात आले, त्याला अजून आठवडाही झालेला नाही आणि ऐकवणाऱ्या कार्यकर्त्याला क्षमा करण्याइतके माझे मन मोठे झालेले नाही.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, काहीतरी नाट्यविषयक केल्याशिवाय या गावाला चैन पडत नाही. यंदा गावातल्या हौशी कलावंतांनी राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाचे अभिवाचन ठेवले होते.

माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ येऊन बसले. त्यांच्या कापडी पिशवीतून तपकिरी कव्हर घातलेली नाटकाची प्रत आणि कानामागे खोचण्याजोगी आखूड शिसपेन्सिल निघाली. दिवे मालवताच त्यांनी “जरा उजेड धरता का? वाचक काय काय गाळतात ते बघायचंय,” असे फर्मावले आणि मी, भिडेखातर, मोबाइलची बॅटरी त्यांच्या पुस्तकावर धरली. व्यासपीठावर एकच माईक सुधाकराकडून सिंधूकडे आणि तिच्याकडून रामलालकडे फिरत होता, आणि इकडे काकांची पेन्सिल समासात फुल्या मारत होती. “तळीरामाची वाक्यं खाल्ली!” हे ते कुजबुजले खरे, पण ती कुजबुज तळीरामापर्यंत पोहोचली असावी, कारण तो पुढच्याच ओळीला अडखळला. गाणारे कोणी नसल्यामुळे पदे सरळ वाचून दाखवली गेली, तेव्हा तर काका खुर्चीतून अर्धवट उठले. “ही पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची, गडकऱ्यांची नव्हेत, हे कबूल, पण म्हणून बाजारभाव वाचल्यासारखी वाचायची?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते; हाताला मात्र मुंग्या आल्या होत्या.

नाटकातल्या आर्यमदिरामंडळाची, म्हणजे दारुड्यांच्या मंडळाची, बैठक निम्म्यावर उरकली गेली, तशी काकांनी इतक्या जोराने फुली मारली की पेन्सिलीचे टोकच मोडले. नेमका त्याच वेळी तो कार्यकर्ता आला. काकांनी पुस्तक पिशवीखाली सरकवले आणि त्याला म्हणाले, “मी केव्हाचा सांगतोय यांना.”

राग येतो तो याचा की फुल्या सगळ्या रास्त होत्या. वेळेअभावी संहिता संक्षिप्त केल्याचे निवेदकांनी जाहीर केले होते. परंतु प्रास्ताविक, नटराजपूजन, शाल-श्रीफळ आणि अध्यक्षीय मनोगत यांतला एक शब्दही कोणी संक्षिप्त केला नव्हता. रंगभूमी दिनाला कात्री लावायची ती नाटकालाच! सिंधू वाचणारी मुलगी कामावरून थेट आलेली दिसत होती, डब्याची पिशवी तिच्या पायाशीच होती. शेवटचा अंक तिने कागदाकडे जवळपास न पाहता म्हटला, आणि सत्काराच्या वेळी पहिल्या रांगेत असलेली मंडळी तोवर गाड्या काढायला निघून गेली होती.

बाहेर पडताना काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटले, माफी मागतील.

“पुढच्या वेळी साधी बॅटरी आणा,” ते म्हणाले. “मोबाइलचा उजेड डोळ्यांना फार लागतो.”