शॉकअप वजन पेलत नाही, आणि तो मधला नट कृपा करून खोलू नका

आमच्या आतेभावाकडे मर्सिडीजची जुनी डब्ल्यू १२४ आहे, १९८४ साली आलेल्या त्या दणकट पिढीतली. तिचे शॉकअप बदलून जरा चांगले टाकायचे त्याच्या मनात होतं. सल्ला विचारताना त्याने सोबत एक फॉरवर्डही पाठवला: ‘जुन्या लक्झरी गाडीचे शॉकअप घरीच अपग्रेड करा, मेकॅनिक सांगणार नाही अशी सात गुपितं.’ हे गुपित माझ्याकडे आधीही फिरत आलं होतं, तेव्हा सोडून दिलं होतं. पण हा गडी जॅक आणि पाने काढून तयारच बसला होता. म्हणून हा खटाटोप.

आधी चौथा मुद्दा घेतो. बाकीच्यांनी फार तर पैसे जातील, याने हात जाईल. त्यात उल्लेख आहे तो स्प्रिंग कॉम्प्रेसरचा, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराचा. मजकूर असा: ‘स्प्रिंग कॉम्प्रेसरची गरज नाही. गाडी जॅकवर घेतली की चाक लटकतं आणि स्प्रिंगवरचं वजन उतरतं. मग बॉनेटखालचा मधला मोठा नट खोला, शॉकअप आपोआप सुटतो.’

सुटतो, यात शंकाच नाही. त्या वेळी तुमचं तोंड कुठे असतं एवढाच प्रश्न आहे.

लटकलेल्या चाकाची स्प्रिंग सैल नसते. तिची मोकळी लांबी तिला मिळालेल्या जागेपेक्षा बरीच जास्त असते. ती पूर्ण उघडत नाही, कारण शॉकअपचा दांडा टोकाला जाऊन अडतो आणि चाकाला आणखी खाली जाऊ देत नाही. म्हणजे त्या क्षणी स्प्रिंगला आवरून धरलेलं असतं ते शॉकअपनेच, आणि हा महाभाग नेमका तोच सोडायला सांगतोय.

मॅकफर्सन स्ट्रटच्या (शॉकअपच चाकाला उभं धरणारा खांब असतो अशा) गाड्यांत स्प्रिंग स्ट्रटवरच चढवलेली असते. वरचं माउंटिंग बॉडीला सहसा तीन छोट्या नटांनी धरलेलं असतं आणि मधोमध एक मोठा नट असतो. खालचे बोल्ट काढून ते छोटे खोलले की आख्खा स्ट्रट स्प्रिंगसकट खाली उतरतो. मधला नट दाबलेली स्प्रिंग धरून असतो. कॉम्प्रेसर लावून स्प्रिंगची वरची बशी हाताने फिरू लागेपर्यंत त्याला पाना लावायचा नाही.

डब्ल्यू १२४ची तऱ्हा निराळी. तिच्यात पुढची स्प्रिंग स्ट्रटवर नसतेच, ती लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि बॉडीच्या मध्ये वेगळी बसते. हे कळल्यावर भाऊ म्हणाला, “मग माझ्या गाडीला कॉम्प्रेसरचा प्रश्नच नाही!” नुसता स्ट्रट काढायचा असेल तर कॉम्प्रेसर लागत नाही, हे खरं. पण आर्मखाली जॅक लावून तो पक्का पेललेला हवा. नाहीतर नट सुटताक्षणी आर्म खाली झेपावतो, ब्रेकचा पाइप ताणला जातो आणि स्प्रिंग जागेवरून उसळू शकते. या गाडीत पुढच्या एका चाकावर साडेतीनशे किलोच्या आसपास भार असतो. शिवाय स्प्रिंग चाकापासून आत बसते, त्यामुळे तरफेच्या हिशोबाने गाडी उभी असताना तिच्यावरचा दाब त्याहूनही जास्त. चाक लटकल्यावर तो उतरतो, पण बोटं चिरडायला पुरेसा उरतो. आर्मला आधार द्या हे मर्सिडीजच्या वर्कशॉप मॅन्युअलात स्पष्ट आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ते उघडून पाहिलेलं दिसत नाही.

आता पहिला मुद्दा. ‘शॉकअप गाडीचं वजन पेलतो, मागून गाडी बसली की शॉकअप गेला.’ वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप फक्त तिची वरखाली आवरतो, तेल बारीक व्हॉल्व्हमधून ढकलून तिची ताकद उष्णतेत घालवतो. गाडी बसली असेल तर स्प्रिंग तपासा, तिच्या वरचं रबरी पॅड तपासा. एअर सस्पेन्शनच्या गाड्या अपवाद, तिथे हवेची पिशवी आणि शॉकअप बऱ्याचदा एकाच नगात असतात. याच मर्सिडीजच्या इस्टेटमध्ये (मागे सामानाची लांब जागा असलेल्या आवृत्तीत) तर मागे शॉकअपसारखी दिसणारी वस्तू प्रत्यक्षात हायड्रॉलिक सिलिंडर असते आणि गचके आवरण्याचं काम नायट्रोजन भरलेले गोळे करतात. गोळ्यातला वायू गेला की मागून दणके बसतात. अशा वेळी सिलिंडर बदलून काय साधणार?

दुसरा मुद्दा: ‘बॉनेट दाबून सोडा, एकदाच उसळली तर शॉकअप ठणठणीत.’ पूर्ण मेलेला शॉकअप यात पकडला जातो, एवढं मान्य. पण हाताने तुम्ही हलवता ती बॉडी, सेकंदाला एक-दीड वेळा. चाक रस्त्यावर थडथडतं ते सेकंदाला दहा ते पंधरा वेळा, आणि पकड सुटते ती तिथे. म्हणून तर युसामा या युरोपातल्या शॉकअप उत्पादकांच्या संघटनेच्या चाचणीत चाकाखालची प्लेट सहा मिलिमीटर वरखाली हलवतात, सेकंदाला सुमारे २५ आवर्तनांपासून थांबेपर्यंत, आणि चाकाचा प्लेटवरचा दाब कमीत कमी किती उरला ते मोजतात. स्थिर भाराच्या ६० टक्क्यांवर उरला तर उत्तम, २० च्या खाली गेला तर गाडी बाहेर काढू नये. टायरमधल्या हवेनेही आकडा हलतो, तरी बॉनेट दाबण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

‘जितका कडक शॉकअप तितकी पकड’ हा तिसरा मुद्दा भावाला सगळ्यात आवडलेला. या गाडीची स्प्रिंग मऊ आणि लांब चालीची आहे. आखूड, कडक स्प्रिंगसाठी बेतलेला स्पोर्ट शॉकअप तिच्यावर टाकला की तो स्प्रिंगला लवकर उघडू देत नाही. एका खड्ड्यातून सावरायच्या आत दुसरा येतो, गाडी दर धक्क्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंपस्टॉपवर (चालीच्या टोकाला असलेल्या रबरी अडसरावर) आदळते. खराब रस्त्यावर पकड वाढत नाही, घटते. आणि ज्या आरामासाठी ही गाडी घेतली तोच स्वतःच्या हाताने घालवायचा?

पाचवा, ‘गळणारा एकच बदला.’ नाही, एका अ‍ॅक्सलवरची जोडी बदलायची, नाहीतर ब्रेक मारताना डावं-उजवं वेगळं वागतं. सहावा, ‘अलाइनमेंट लागत नाही.’ लागते. स्ट्रट चाकाला उभं धरतो, तो काढला-घातला की कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, हलू शकतो. करून घ्या, टायरपेक्षा स्वस्त पडतं.

सातवा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, नाइलाजाने कबूल करतो. ‘शोरूमचा आणि बाहेरचा शॉकअप एकच, डबा वेगळा.’ मर्सिडीजला शॉकअप देणाऱ्यांत बिलस्टाइन आणि साक्स होतेच आणि त्यांच्याच नावाच्या डब्यात ते बाहेरही मिळतात. पण एका कंपनीचा माल म्हणजे एकच व्हॉल्व्ह नव्हे. याच गाडीच्या स्पोर्टलाइन या स्पोर्टी आवृत्तीचे शॉकअप साध्या गाडीपेक्षा वेगळे असतात. म्हणून भावाला सांगितलंय, चॅसी नंबर टाकून पार्ट नंबर जुळव, मगच ऑर्डर दे. त्यातच वरचं माउंटिंग, बंपस्टॉप आणि धुळीचं रबरही घे, ते नंतर बदलायचं म्हटलं तर हाच सगळा पसारा पुन्हा उघडावा लागतो.