परदेशातून : घासलेला पाना

मायदेशातल्या इंजिनिअर मित्रांशी बोलताना एक वाद हमखास निघतो. नवं प्रॉडक्ट रखडतं कशामुळे? कुणी म्हणतं, विभागांना जोडणारं सॉफ्टवेअर नाही म्हणून. कुणी म्हणतं, माहिती दाबून ठेवायची ही आपल्या लोकांची वृत्तीच, परदेशात असं चालत नाही. ११ वर्षं जर्मनीत पंपांचं डिझाइन करतोय. मला दोन्ही पटत नाही.

माहिती इथेही अडते. एअरबसच्या ए३८० विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायरिंग. जर्मनीतले डिझाइनर कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते, फ्रान्समधले पाचवी. हॅम्बुर्गच्या वायरी टुलूजमध्ये जोडायला घेतल्या, तर तोकड्या पडल्या. २००६ मध्ये विमानं देण्याच्या तारखा पुन्हा पुन्हा पुढे ढकलाव्या लागल्या. सॉफ्टवेअर होतं, शिस्तही होती.

मायदेशातल्या माझ्या पहिल्या नोकरीत एका पंपाच्या बोल्टला पाना नीट बसत नव्हता, शेजारची रिब, म्हणजे मजबुतीसाठी दिलेली उभी पट्टी, आड यायची. असेंब्लीतल्या फिटरने पाना ग्राइंडरवर घासून पातळ केला आणि काम चालू ठेवलं. दोन वर्षांनी नवं मॉडेल आलं, आम्ही ड्रॉइंगमध्ये तीच रिब पुन्हा तिथेच ठेवली. त्या काकांनी काहीही लपवलं नव्हतं. घासलेला पाना रोज त्यांच्या टेबलावर उघडा पडलेला असायचा. आमच्यापैकी कुणी तिथवर गेलं नाही, याची मला आजही चुटपुट लागते.

इथल्या पहिल्याच प्रोजेक्टमध्ये, ड्रॉइंग रिलीज व्हायच्या कितीतरी आधी, असेंब्लीचा फोरमन स्वतःचा पाना घेऊन आला. प्रिंट केलेल्या प्लास्टिकच्या मॉडेलवर त्याने तो फिरवून पाहिला. अडकला. रिब सरकवायला मला स्क्रीनवर अर्धा तास लागला. साचा तयार झाल्यावर हेच कळलं असतं, तर साचाच दुरुस्त करावा लागला असता.

तो फोरमन काही फार बोलका माणूस नव्हता. पण त्याचे ते दोन तास प्रोजेक्टच्या खात्यावर लिहिले गेले, त्याच्या लाइनचं टार्गेट तेवढं कमी धरलं गेलं. माझ्या मते खरा फरक इथे आहे. काका लाइन सोडून आमच्याकडे आले असते, तर संध्याकाळी सुपरवायझरने आकडा का कमी भरला म्हणून त्यांनाच झापलं असतं. अशा ठिकाणी माणूस गप्प पाना घासतो, आणि त्यात त्याची वृत्ती शोधणं अन्यायाचं आहे.

टोयोटाने प्रियस घडवताना ओबेया, म्हणजे मोठी खोली, ही पद्धत वापरली; वेगवेगळ्या विभागांचे लोक एकाच खोलीत बसत. गाडी १९९७ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आली. मित्र आता अशा खोलीसाठी जागा शोधताहेत. मी त्यांना एवढंच विचारलं, फिटर तिथे बसेल त्या दिवशी लाइनवर त्याच्या जागी कोण उभं राहील?