स्टिअरिंग काढून एक दात सरकवायचं का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं काही वाटेना, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून आणल्यावर आमच्या मोटरहोमचं स्टिअरिंग वाकडं राहिलं आणि ते मी ड्रॅग लिंकची, म्हणजे स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या रॉडची, स्लीव्ह (लांबी कमीजास्त करणारी आट्यांची नळी) फिरवून घरच्या अंगणात सरळ केलं असं मागच्या लेखात लिहिलं होतं. तुम्ही म्हणता की स्टिअरिंगच्या जोडण्यांना घरच्या माणसाने हात लावणं म्हणजे जिवाशी खेळ, त्यामुळे आधी केलेली अलाइनमेंट पण बिघडते, पुण्यात तुमच्या गॅरेजवाल्याने स्टिअरिंग व्हील काढून शाफ्टवरच्या दात्यांत एक दात सरकवून बसवलं आणि दहा मिनिटांत काम झालं, आणि वर मी त्या अलाइनमेंटवाल्याला उगाच नावं ठेवली.

यातली एक गोष्ट तुमची शंभर टक्के बरोबर आहे, तिच्याकडे येतो. पण दात सरकवायचा सल्ला मला पटत नाही आणि का ते नीट सांगायला हवं, कारण तो वाचून उद्या कुणीतरी तेच करेल.

आधी गाडी समजून घ्या. आमची गाडी फोर्डच्या एफ-५३ चासीवरची आहे, भरलेली असताना २२,००० पौंडांपर्यंत जाते म्हणजे जवळजवळ १० टन, आणि पुढचा एक्सल हा एक अखंड बीम आहे, लीफ स्प्रिंगवर, ट्रकसारखा. स्टिअरिंग बॉक्समधून (व्हीलचं फिरणं चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी) पिटमन आर्म नावाचा दांडा बाहेर येतो, त्याला ड्रॅग लिंक जोडलेली, ती मागे जाऊन फक्त ड्रायव्हरच्या बाजूच्या चाकाला ढकलते किंवा ओढते (अमेरिकेत हे डावं चाक), आणि त्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत आडवा टाय रॉड. म्हणजे दोन वेगळे रॉड, दोन वेगळी कामं. टाय रॉडची लांबी बदलली की टो बदलतो, म्हणजे वरून बघताना दोन्ही पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन. ड्रॅग लिंकची लांबी बदलली की टो तसाच राहतो, नुसतं स्टिअरिंग फिरतं. तेव्हा ड्रॅग लिंकला हात लावल्याने अलाइनमेंट बिघडते हे या प्रकारच्या गाडीला लागू नाही, दोन्ही चाकं एकमेकांना ज्या कोनात बांधली आहेत ती तशीच बांधलेली राहतात.

आता वाकडं झालंच का? मी त्या दुकानाचा कागद जपून ठेवलाय. आधीचा टोटल टो ०.७० अंश, नंतरचा ०.१० अंश. आधी टायर आतल्या बाजूने की बाहेरच्या बाजूने खातोय ते हाताने चाचपलं तरी कळत होतं, करवतीच्या दातांसारखं झालं होतं, तेव्हा टो चुकीचा होता हे नक्की आणि त्यांनी तो नीट केला हेही नक्की. पण तो नीट करताना त्यांनी टाय रॉड फिरवला, डावं चाक ड्रॅग लिंकने स्टिअरिंगला बांधलेलं म्हणून ते जागचं हललं नाही, आणि ०.६० चा सगळा फरक एकट्या उजव्या चाकात गेला. रस्त्यावर गाडी सरळ धावायला लागली की दोन्ही चाकं तो फरक निम्मा निम्मा वाटून घेतात, त्यांना तसंच धावायला सोपं जातं, म्हणजे डावं चाक ०.३० अंश वळणार आणि त्याच्यामागे ड्रॅग लिंक, बॉक्स करत करत स्टिअरिंग पण वळणार. बॉक्सचं गुणोत्तर २०:१ (व्हील २० अंश फिरलं की चाक १ अंश वळतं) धरलं तर ०.३० गुणिले २० म्हणजे ६ अंश. आमचं व्हील ४५ सेंटीमीटर व्यासाचं, त्याच्या कडेवर ६ अंश म्हणजे २.४ सेंटीमीटर. मी व्हीलवर वरच्या मधोमध मास्किंग टेप लावून मोजलं तेव्हा अडीचच्या आसपास आलं होतं. हे गणित जुळलं त्या दिवशी मला खरंच खूप बरं वाटलं, कारण काही मोडलेलं नाही, कुठे काही सरकलेलं नाही, नुसती शेवटची एक पायरी राहिलीय हे कळलं. टो झाल्यावर ड्रॅग लिंकने स्टिअरिंग मध्यावर आणायची ती पायरी. मी त्यांना नावं ठेवली असं वाटलं असेल तर माझी भाषा कमी पडली, टो त्यांनी छान केलाय, ही पायरी केली नाही एवढंच म्हणायचं होतं.

आता दाताचं. स्टिअरिंगच्या शाफ्टवर समजा ३६ दाते आहेत, तर एक दात म्हणजे १० अंश. आमचं व्हील ६ अंश वाकडं. एक दात सरकवला तर ते उलट बाजूला ४ अंश वाकडं होणार, सरळ होणारच नाही. बऱ्याच गाड्यांत तर एक दाता मुद्दाम जाड ठेवलेला असतो, व्हील एकाच जागी बसतं, तिथे विषयच संपला. एअरबॅग असेल तर बॅटरी काढणं वगैरे वेगळंच प्रकरण. पण समजा दाते जुळले, एअरबॅग नाही, तरी करू नका, आणि याचं खरं कारण बॉक्सच्या आत आहे.

या जुन्या पद्धतीच्या, आत गोळ्या फिरणाऱ्या बॉक्समध्ये दात्यांची पकड सगळीकडे सारखी नसते. बरोब्बर मध्यावर ती सगळ्यात घट्ट ठेवतात आणि दोन्हीकडे वळत जाल तशी थोडी सैल होते, कारण हायवेवर तासन् तास गाडी त्या मध्यावरच चालणार असते. गाडी सरळ जाताना बॉक्स पण मध्यावर असेल तर स्टिअरिंग ठाम वाटतं. व्हील काढून सरळ बसवलंत तर डोळ्याला सरळ दिसेल पण आत बॉक्स होता तसाच बाजूला, सैल भागाकडे. ६ अंशांत कदाचित जाणवणार नाही, पण २०-३० अंश वाकडं असलेलं व्हील असं "सरळ" केलं की गाडी भरकटायला लागते, माणूस दिवसभर बारीक बारीक दुरुस्त्या करत बसतो, संध्याकाळी खांदे दुखतात आणि मग वाटतं मोटरहोम अशाच चालतात. शिवाय काही गाड्यांत इंडिकेटर आपोआप बंद व्हायची खाच व्हीलवर नाही तर शाफ्टवर असते, तिथे ती पण एका बाजूला लवकर आणि दुसऱ्या बाजूला उशिरा सुटते. नव्या गाड्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असतो, त्याला तर गाडी सरळ चाललीय हेच पटत नाही.

तुमच्या आधी कुणी व्हील काढून सरकवलंय का हे बघायचा साधा उपाय आहे. पुढची चाकं जमिनीवरून उचलून स्टँडवर घ्या, ड्रॅग लिंक पिटमन आर्मपासून सुटी करा (हे मात्र गॅरेजमध्येच), मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा आणि बरोब्बर निम्म्यावर परत या. तो बॉक्सचा मध्य. तिथे व्हील सरळ दिसलं तर व्हील आपल्या जागी आहे, मग जी काही दुरुस्ती आहे ती ड्रॅग लिंकमध्येच करायची. तिथे ते वाकडं दिसलं तरच व्हील काढायचा विचार करा. तुमच्या गॅरेजवाल्याने हे आधी बघितलं असेल तर त्याचं काम चूक म्हणणार नाही.

आता तुमचं जे बरोबर आहे ते. मी मागच्या लेखात "क्लॅम्प सैल करा, स्लीव्ह फिरवा, परत आवळा" असं एका ओळीत उरकलं होतं आणि ते चुकलंच. त्या स्लीव्हचे दोन क्लॅम्प सुटले तर हातात नुसतं व्हील राहील, हे तुम्ही म्हणता ते अक्षरशः खरं आहे. म्हणून आता नीट लिहितो. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण, इंजिन बंद आणि चावी आपल्याच खिशात... नाही, इथे एक मेख आहे, चावी काढली की स्टिअरिंग लॉक होतं आणि मग स्लीव्ह फिरवताना व्हील हलायच्या ऐवजी चाकावर ताण येतो, म्हणून चावी लॉक सुटेल एवढीच फिरवून ठेवायची आणि वर विश्वासाचं माणूस बसवायचं. आमच्याकडे बायको बसली होती आणि टेपवरची खूण बघून खाली ओरडून सांगत होती. क्लॅम्प सैल करण्याआधी स्लीव्हवर आणि दोन्ही रॉडवर पांढऱ्या पेनने रेघ मारा, म्हणजे मूळ जागेवर कधीही परत येता येतं. स्लीव्हच्या दोन टोकांना आटे उलट सुलट असतात, त्यामुळे एक फेरा फिरवला की लांबी दुप्पट बदलते, पाव फेऱ्याच्या वर एका वेळी जायचंच नाही. आमचं काम पाव फेऱ्यात झालं. कुठल्या बाजूला फिरवायचं हे प्रत्येक गाडीचं वेगळं, थोडं फिरवून वरचं माणूस काय सांगतं ते ऐका.

आवळताना दोन्ही टोकांचे बॉल जॉइंट एकमेकांच्या रेषेत हवेत, एक तिरका राहिला तर वळताना अडकतो. दोन्हीकडचे आटे स्लीव्हमध्ये जवळपास सारखे आत गेलेले हवेत. क्लॅम्पचे बोल्ट पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून कुठे घासत नाहीत ना ते बघायचं, आणि टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावरच आवळायचं, अंदाजाने अजिबात नाही. मी पुढच्या ५० मैलांनी थांबून परत तपासलं होतं आणि ते लिहायचं राहून गेलं. टॉर्क पाना नसेल किंवा गाडीखाली झोपायची भीती वाटत असेल तर दुकानात परत जा आणि "ड्रॅग लिंकने स्टिअरिंग सेंटर करून द्या" एवढंच वाक्य बोला, बरेच जण ते पैसे न घेता करून देतात.

आणि मुळात वाकडं आहे की नाही हे ठरवायलाच लोक घाई करतात. आम्ही अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या ओमाहात राहतो, इथून जवळ आय-८० हायवेवर लिंकन ते ग्रँड आयलंड हा पट्टा ७२ मैल जवळजवळ नाकासमोर सरळ आहे, असा रस्ता मिळाला म्हणून मी खूश, पण दुपारी दक्षिणेचा वारा सुटला की मोटरहोमची ती उंच भिंत म्हणजे शीडच, पश्चिमेला जाताना स्टिअरिंग आपोआप डावीकडे धरावं लागतं आणि माणसाला वाटतं वाकडं आहे. मी पहाटे, वारा पडलेला असताना गेलो. रस्त्याला पाणी निघून जायला साधारण २ टक्के उतार असतो, इथे उजव्या लेनमध्ये तो उजवीकडे, भारतात उलट डावीकडे, म्हणून दोन्ही लेनमध्ये चालवून बघायचं. गाडी एका बाजूला ओढतेय आणि हात सोडला की त्या बाजूला जातेय, तर तो वेगळा आजार, तिथे आधी पुढचे दोन टायर अदलाबदल करून बघा, ओढ बाजू बदलते का. पुढचं सगळं ठीक असून व्हील वाकडंच येत असेल तर मागचा एक्सल तिरका बसलाय का ते मोजायला लावा, ड्रॅग लिंकने ते फक्त झाकलं जाईल.

एक गोष्ट मला स्वतःला उशिरा कळली. लीफ स्प्रिंगवर पुढचा भाग खालीवर झाला की एक्सल एका कमानीत हलतो आणि ड्रॅग लिंकचं टोक दुसऱ्या कमानीत, त्यामुळे नुसतं वजन बदललं तरी व्हील थोडं फिरतं. म्हणून पाण्याची टाकी, डिझेल-पेट्रोल जे काही असेल ते, सामान, माणसं, सगळं प्रवासाला निघतो तसं भरून आणि टायरमध्ये त्या वजनाची हवा असतानाच हे काम करायचं. रिकामी गाडी सरळ केलीत तर ट्रिपला निघाल्यावर परत वाकडी.

तुम्ही लिहिलंय की भावाच्या कॅम्परचं स्टिअरिंग पण असंच आहे. त्याच्या पुढे अखंड एक्सल आहे की दोन्ही चाकं सुटी सुटी ते आधी बघा. रॅक (बॉक्सऐवजी डावी-उजवीकडे सरकणारी दात्यांची पट्टी) असेल तर तिथे ड्रॅग लिंकच नाही, डावा आणि उजवा टाय रॉड सारख्याच मापाने, एक आखूड आणि एक लांब, असे फिरवावे लागतात आणि ते अलाइनमेंटच्या मशीनवरच करा, तिथे तुमचा मुद्दा पूर्ण लागू आहे, घरी केलंत तर टो नक्की बिघडेल. अलाइनमेंटच्या आधीचा आणि नंतरचा टो लिहिलेला कागद असेल तर दोन्ही आकडे इथे टाका, व्हील किती सेंटीमीटर सरकलंय तेही मोजून सांगा, मी गणित करून देतो.

मागच्या लेखात क्लॅम्पचा भाग आज रात्रीच बदलतोय.